थप्पड कुठल्या वाक्यावर

“‘सखोल संशोधनाअंती असे निदर्शनास आले आहे की, उपअधीक्षक हे पात्र अविश्वसनीय, नकारात्मक व कथानकाच्या प्रगतीस मारक आहे. सबब, प्रेक्षकांच्या भावनांचा आदर राखून वाहिनी या पात्रास निरोप देत आहे.’” बाईंनी निवेदन मोठ्याने वाचून संपवलं, ‘सखोल’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद टेबलाच्या मधोमध ठेवला. “सखोल कशावरून? हॉटेलच्या तळघरात झालं म्हणून?”

दिग्दर्शकाला चहाचा ठसका लागला. वाहिनीचा कार्यक्रमप्रमुख मात्र हसला नाही. तो वयाने बाईंच्या शेवटच्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांएवढा होता, आणि त्यांच्यासारखाच, प्रश्न अवघड आला की खुर्चीत मागे रेलत होता.

संशोधन कसं झालं ते बाईंना ठाऊक होतं. काही प्रेक्षकांना तळघरात बसवून त्यांच्या हातात दोन बटणांचं यंत्र दिलं होतं; आवडलं की हिरवं, नावडलं की लाल. मालिकेचा लाडका नायक, पोलीस निरीक्षक, ज्याला सगळे ढाण्या म्हणत, त्याने संशयिताला खुर्चीसकट लाथ घातली तेव्हा पडद्यावरची हिरवी रेघ छताला टेकली. त्याची वरिष्ठ आणि वैरीण, उपअधीक्षकबाई, खोलीचं दार उघडून ‘थांबवा हे’ म्हणाली, तेव्हा तीच रेघ तळघराचीही फरशी फोडून खाली गेली. बुद्धीचा असा आलेख बाईंनी विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवताना कधी पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर या मालिकेचे संवाद लिहायला घेतल्यापासून मात्र त्यांचं शिक्षण नव्याने सुरू झालं होतं.

“आता ‘मारक’ घेऊ,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांत मारलं कोणी? ढाण्याने. ‘अविश्वसनीय’ घेऊ. भाजीवाला निर्दोष आहे असं ही म्हणाली. तो निर्दोष निघाला. ड्रायव्हरचा जबाब मारून घेतलाय असं म्हणाली, तसंच निघालं. हिचा एक तरी अहवाल खोटा ठरलेला दाखवा.”

“तेच तर ना, बाई!” प्रमुख पुढे सरकला. “ती बरोबर असते. लोकांना ते सहन होत नाही.”

“म्हणून चोर सोडून संन्याशाला सुळी?”

“संन्याशाला जाहिराती मिळत नाहीत.”

वाक्य चांगलं होतं. चांगलं होतं म्हणूनच बाईंना त्याची शिसारी आली. निर्लज्जपणाला वाक्यरचना जमली की त्याला धोरण म्हणतात, हे त्यांनी पुष्कळ वाचलं होतं. टेबलापलीकडे बसून चहा पिताना पाहिलं नव्हतं.

प्रमुखाने बेत सांगितला. उपअधीक्षकबाईच टोळीला सामील होती, असं दाखवायचं. चौकशीच्या खोलीत ती कबुली देईल. आणि कबुलीवर ढाण्या तिच्या कानाखाली एक देईल.

“थप्पड हवीच. लोक दोन वर्षं वाट बघतायत.”

“सामील होती, ते कुठल्या भागात?”

“तसं कुठे दाखवलेलं नाही. तुम्ही संवादात घाला ना काहीतरी.”

“म्हणजे शिक्षा आधी ठरली. गुन्हा मागाहून.”

“बाई, तुम्हाला जमणार नसेल तर दुसरा लेखक तयार आहे,” दिग्दर्शक हळूच म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता. फक्त प्रत्येक भांडणात तो आपल्या पगाराच्या बाजूला उभा राही.

बाईंनी निवेदनाची घडी घातली. “मीच लिहीन.”

मालिकेच्या कामाची एक रीत होती. वाहिनी मंजूर करायची ती प्रसंगाची एकच ओळ. तिला सगळे वनलाइन म्हणत. संवाद सेटवर पोहोचत ते नटांच्या तोंडाला रंग लागत असताना, आणि तोच भाग संध्याकाळी दिसे. वाहिनीत संवाद कोणी वाचत नसे. वाचायला वेळ नव्हता, असं ते म्हणत. सवय नव्हती, असं बाई म्हणत. प्रमुखाने उभ्याउभ्याच ओळ सांगितली, दिग्दर्शकाने लिहून घेतली: ‘उपअधीक्षक आपण काय केलं ते सगळं कबूल करते. ढाण्या थप्पड मारतो.’ खाली सही झाली.

बाहेर जिन्याशी उपअधीक्षकबाईचं काम करणारी नटी थांबली होती. खरं तर ती हसऱ्या तोंडाची, थोडी धांदरट मुलगी होती. पण ती हसलेली बाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. प्रेक्षकांनी त्या पात्राचं नाव काडीबाई ठेवलं होतं. सगळ्यांच्या कामात काडी घालणारी, म्हणून.

“काढलं ना मला?”

“पात्राला काढलं. तुला कोण ओळखतंय?”

“ओळखतात की. आज सकाळी दारात काड्या होत्या. काडेपेटीतल्या, उंबऱ्यावर ओळीने मांडलेल्या. सासूबाईंनी काही न बोलता झाडून टाकल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.” ती हसायला गेली. “लिफ्टमध्ये मी शिरले की बायका उतरतात. जिन्याने जाऊ म्हणतात, व्यायाम होतो. सातव्या मजल्यापर्यंत, बाई!”

बाईंनी निवेदनाची घडी पिशवीत टाकली.

“काम दुसरं मिळेल मला. पण तिला पैसे खाल्लेली दाखवू नका. ते एकदा दाखवलं ना, की काड्या ठेवणारे खरे ठरले. मला त्याच लिफ्टने वर जायचंय.”

संध्याकाळी घरी धाकटी बहीण दूरदर्शनसंचासमोर मटार सोलत बसली होती. नवरा गेल्यापासून ती बाईंकडेच राहत होती. झुरळ मारायलासुद्धा शेजारच्यांना हाक मारणारी ही बाई रोज या वेळी पालथी मांडी घालून बसे आणि पडद्यावर रक्त येण्याची वाट पाही.

“दे अजून एक! फोड मेल्याचं थोबाड!” धाकटीने मटाराच्या शेंगेचा चटकन आवाज काढला. ढाण्याने मागच्या खोलीत एका हमालाचं डोकं भिंतीवर आपटलं होतं.

“त्याने काय केलंय?” बाईंनी विचारलं.

“केलं असेल काहीतरी. उगीच कोणी मारतं का?”

“उद्या तुझ्या मुलाला असं खोलीत नेलं तर?”

“माझा मुलगा तसा नाही.”

“आपला तो बाब्या.”

“हो, आपला तो बाब्याच!” धाकटीने परात बाजूला केली. “ताई, तू शिकलीस फार, पण माणसं तुला कळत नाहीत. तुझी ती काडीबाई माणूस आहे की फूटपट्टी? कधी चुकायची नाही, कधी भ्यायची नाही, नुसती दारात उभी राहून आम्हाला मोजायची. शेजारी राहायला आली असती तर मी कचरासुद्धा अंधारात टाकला असता.”

“तिच्या कानाखाली बसणार आहे. उद्या.”

“खरंच?” धाकटीचा चेहरा खुलला. “तोंडात साखर पडो तुझ्या! खालच्या दोघींना बोलावते बघायला.”

बाई उठून मोरीशी गेल्या आणि त्यांनी हात धुतले. मग पुन्हा धुतले. साबणाच्या फेसात त्यांना धाकटीचे दात दिसत राहिले; लहानपणी याच बहिणीला त्यांनी पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली होती. शोकांतिकेने प्रेक्षकाचं मन धुऊन निघतं, असं त्या वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आल्या होत्या. ज्याने ते सांगितलं त्याच्या घरी धाकटी बहीण नसावी.

सकाळी त्यांनी एका बैठकीत प्रसंग लिहिला. खोडाखोड अशी झालीच नाही. रागाला इतकी वर्षं त्यांनी व्याकरणात बांधून ठेवलं होतं, की तो आता विरामचिन्हांसकट उतरत होता.

सेटवर चौकशीची खोली म्हणजे तीन भिंती होत्या. चौथीच्या जागी कॅमेरा. दिग्दर्शकाने पानं वाचली, उलटली, पुन्हा पहिल्यापासून वाचली.

“बाई, यात कबुली कुठाय?”

“पहिलंच वाक्य. ‘मी कबूल करते.’”

“अहो, पण पुढे? टोळी, पैसे, काहीच नाही!”

“वनलाइन काढा. काय लिहिलंय?”

त्याने कागद काढला. “‘आपण काय केलं ते सगळं कबूल करते.’”

“केलेलं सगळं आलंय. न केलेलं कबूल करायचं असं तिथे लिहिलेलं नाही. खाली सही आहे.”

दिग्दर्शकाने मॉनिटरकडे पाहिलं. त्याच्या शेजारी प्रमुख कानांत इअरफोनची बोंडं घालून, मान खाली घालून मोबाइलवर बोट फिरवत होता. तिथे प्रतिक्रियांत लोक थप्पडेची वाट पाहत होते आणि तो त्यांना मोजत होता. दिग्दर्शकाने घड्याळ पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच काहीही न ठरवता म्हणाला, “चला, जागा घ्या.”

ढाण्याचं काम करणारा नट बाईंजवळ आला. पडद्याबाहेर तो फार मऊ माणूस होता. पित्ताचा त्रास असल्याने गार दूध पीत असे, आणि मारामारीच्या प्रसंगानंतर समोरच्या नटाला लागलं का, हे न चुकता विचारत असे.

“बाई, थप्पड कुठल्या वाक्यावर? पानावर खूण नाही.”

“तुम्हीच ठरवा.”

“तसं नको हो. क्यू लागतो मला.”

“ती बोलेल, तुम्ही ऐका. ज्या वाक्यासाठी माणसाला मारावंसं वाटेल, त्यावर मारा.”

तो आत गेला.

नटीने संवाद दोनदा वाचले होते. तिने ते कोणाशी म्हणून पाहिले नाहीत, काही विचारलंही नाही. बाईंकडे एकदा पाहून खुर्चीत जाऊन बसली. दिवे लागले. बाई मॉनिटरच्या मागे, हातात पानं आणि पेन्सिल घेऊन उभ्या राहिल्या. नटाने शब्द गाळला की खूण करायची त्यांची जुनी सवय होती.

“मी कबूल करते,” उपअधीक्षकबाई म्हणाली. “भाजीवाल्याला तुम्ही मागच्या खोलीत नेलंत, तेव्हा दार मी उघडलं.”

ढाण्याचा हात मांडीवरून हलला आणि तिथेच राहिला.

“ड्रायव्हरच्या पाठीवरचे वळ मी डॉक्टरांना दाखवले. सदरा घालून आणा असं तुम्ही सांगितलं होतं. मी सदरा काढायला लावला.”

हात वर आला. टेबलाच्या कडेशी आला. नटाच्या कपाळावर घाम होता, आणि तो रंगवलेला नव्हता. त्याने ओठ ओले केले. हे वाक्य त्याला पुरेना.

“तुम्हाला पदक मिळालं त्या दिवशी सगळं सभागृह उभं राहिलं. मी बसून राहिले. ज्याला पकडल्याबद्दल पदक मिळालं, तो निर्दोष माणूस तोवर सुटलेला नव्हता. एवढं मी केलं. सगळं केलं. पुन्हा करीन.”

बाईंची पेन्सिल शेवटच्या पूर्णविरामावर येऊन थांबली. एकही शब्द गळला नव्हता. त्यांना आत कुठेतरी थंड, स्वच्छ समाधान वाटलं, निर्दोष निबंध तपासून झाल्यावर वाटायचं तसं. ढाण्याचा तळवा आता खांद्याच्या उंचीला, हवेत उघडा होता. तो कुठल्याच वाक्यावर उतरला नव्हता. दिग्दर्शकाने ‘कट’ म्हणायला तोंड उघडलं.

नटीने चेहरा वळवला नाही. तिने त्या उगारलेल्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, आणि तिचा आवाज एकदम खाली आला. उपअधीक्षकबाईचा आवाज इतका खाली बाईंनी कधी लिहिला नव्हता.

बाईंनी पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. पुढचे शब्द त्यांचे नव्हते.

दिग्दर्शकाचं तोंड उघडंच राहिलं. प्रमुखाने कानातलं बोंड काढलं.

ती म्हणाली, “अजून एक राहिलं. भाजीवाल्याच्या आधी एक रंगारी होता. त्या दिवशीही मी दाराशीच होते. कडीला हात पोचत होता माझा. मी दार उघडलं नाही. आतला आवाज थांबेपर्यंत खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिले. ती सुटलेली नव्हती.”