वरची रेघ, खालची रेघ

“हसत्याखेळत्या पोराला सुरीखाली द्यायला निघालीय! अशी आई वैऱ्यालाही मिळू नये,” सासूबाई शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने.

सून पोराला थोपटत होती. सव्वा वर्षाचं पोर तिच्या मांडीवर भुकेने किरकिरत होतं. तो दोन महिन्यांचा असताना आंघोळ घालताना तिच्याच हाताला जाणवलं होतं, डावीकडची पिशवी रिकामी आहे. “उतरेल आपोआप. चार पोरं न्हाऊमाखू घातलीत मी,” सासूबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याने आईची री ओढली. ऑपरेशनच्या मिळालेल्या दोन तारखा त्या मायलेकांनीच हुकवल्या. आज नवरा कामावर अडकला होता, आणि संमतीच्या फॉर्मवर घरातल्या आणखी एकाची साक्षीची सही हवी होती. अकरापर्यंत झाली नाही, तर पुढच्या पोराला आत घेणार होते.

“मी सही करू? हात झडतील माझे!”

तेवढ्यात सर्जनबाई आल्या. “अंडाची गोटी वर पोटात अडकलीय. खाली आणून जागेवर बसवायची, एवढंच. मात्र उशीर नको. पुढे त्याला स्वतःला मूल होताना अडचण येऊ शकते. घरात कुणाला होतं का असं?”

“आमच्या घरात? नाव नको!” सासूबाई कडाडल्या. “हिच्या माहेरी विचारा. सहा वर्षं कूस उजवत नव्हती हिची.”

सर्जनबाईंनी पेन उघडून पोराच्या जांघेत डावीकडे एक आडवी रेघ मारली, खाली आणखी एक बारकी. “वरची चीर गोटी सोडवायला. खालची, तिला पिशवीत बसवायला.”

सून त्या रेघांकडे बघतच राहिली. अशाच खुणा नवऱ्याच्या अंगावर होत्या. दोन्ही बाजूंना. अकराव्या वर्षी हर्निया झाला होता, असं त्याला आईने सांगितलेलं.

“मुलांच्या हर्नियालाही खाली चीर घेतात?” तिने विचारलं.

“छे! तिथे वरची एकच पुरते.” पेन खाटेवर टाकून सर्जनबाई घाईने निघून गेल्या.

सासूबाई पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडू लागल्या. ते आधीच उघडं होतं.

सहा वर्षं तपासण्या, सुया, औषधं. सगळं सुनेच्याच अंगावर. नणंदेचं बाळ एकदा तिने हौसेने उचललं, तर ‘तुझा हात नको लागायला’ म्हणून याच बाईने ते हिसकावून घेतलं होतं.

“आजी, सही करताय ना? दहा मिनिटं राहिलीत,” नर्स म्हणाली.

सुनेने फॉर्म पुढ्यात ओढला. ‘कुटुंबात पूर्वी कोणास’ यापुढची जागा कोरी होती. तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं : वडील. दोन्ही बाजू. अकराव्या वर्षी. मग कागद सासूबाईंपुढे धरला.

“वाचा. आणि खाली सही करा.”

सासूबाईंचा आवाज एकदम उतरला. “अगं, त्याला नाही माहीत. चारचौघांत त्याची अब्रू कशाला...”

“माझी काढत होतात, तेव्हा कितीजण होते?”

शेजारची बाई मान लांब करून बघू लागली. “काय लिहिलंय हो?”

सासूबाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि सही केली.

नर्स पोराला घेऊन गेली. दार मिटेपर्यंत सुनेची नजर हलली नाही.

“सांगणारेस त्याला?” मागून सासूबाईंनी हळूच विचारलं.

खाटेवर सर्जनबाईंचं पेन तसंच उघडं पडलं होतं. सुनेने चादरीच्या चुण्या चाचपून टोपण शोधलं, पेनावर घट्ट बसवलं, आणि ते परत द्यायला उठली.