पप्पांचा नंबर

शालनने लेकीच्या चिलखताचे पट्टे मागून आवळले, तेव्हा संचिताच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच होत नाहीये. छाती धडधडत नव्हती, पोटात गोळा नव्हता. गेल्या वर्षी ती याच अ‍ॅनिमेच्या मेळाव्याला नुसतं तिकीट काढून आली होती. ठाण्याच्या या हॉलमध्ये दिवसभर इतरांचे पोशाख बघत फिरली होती आणि आंबिवलीला परतल्यावर चप्पल काढायच्या आधीच म्हणाली होती, "पप्पा, पुढच्या वर्षी मी पण."

देवराम कल्याणच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांचं पेंटिंग करायचे. जपानी कार्टूनमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मुलीने मोबाइलवर चित्र दाखवलं. सगळं सैन्य मारलं गेलेली, रणांगणात एकटी उरलेली एक सेनापती होती ती. त्यांनी चेहरा बघितलाच नाही, चिलखत तेवढं बोटांनी मोठं करून बघितलं.

"हे नवं तांबं नाय. जुनं आहे. खालून काळा मारावा लागेल."

फोम संचिताने कापला, चिकटवला. रंग त्यांनी मारला, सुट्टीच्या दिवशी, चाळीमागच्या मोकळ्या जागेत. शेवटचा हात मारून झाला आणि त्याच आठवड्यात ते गॅरेजमध्ये एका गाडीला टेकून खाली बसले, ते उठलेच नाहीत.

जलदान विधी होऊन आठवडाही झाला नव्हता. मेळाव्याला जावंसं वाटत नव्हतं म्हणावं, तर न जावंसंही वाटत नव्हतं. शालनच म्हणाली, "नाही गेलीस तर ते तसंच पिशवीत पडून राहील. चल, मी येते."

आता शालन हॉलच्या भिंतीलगतच्या खुर्चीत मांडीवर पर्स ठेवून बसली होती. समोरून निळ्या केसांच्या मुली जात होत्या, शेपट्या लावलेली मुलं जात होती. ती सगळ्यांकडे सारखंच बघत होती, लग्नात ओळखीचं कोणी नसलं की बसतात तशी.

फोटोसाठी एका कोपऱ्यात काळा पडदा लावला होता. फोटोग्राफर सिद्धेश, संचिताच्याच वयाचा, आधी वेळ ठरवून एकेकाला आत घेत होता.

"संचिता ना? ये. गुडघ्यावर बस. तलवार जमिनीत रोवल्यासारखी धर. हां. आता बघ, तुझे सगळे गेलेत. एकटी उरलीयेस. ते डोळ्यांत आण."

तिने प्रयत्न केला. हॉस्पिटलचा जिना आठवला. पप्पांच्या नखांत राहिलेला तांब्याचा रंग आठवला. एकेक गोष्ट बोलावली तशी आली, समोर उभी राहिली आणि निघून गेली. दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलमधले फोटो बघावेत तसं वाटलं.

"अजून थोडं. घरचं काहीतरी आठव ना."

"आठवतेय."

सिद्धेशने कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. "अगं, हेच! इथे सगळ्या रडायला बघतात, ओव्हर होतं. तुझ्या तोंडावर काहीच नाहीये. कसं जमवलंस?"

"प्रॅक्टिस केली," संचिता म्हणाली.

पडद्याबाहेर एक मुलगा थांबला होता. पाठीला मोठे पांढरे पंख, त्यांचा रंग जागोजागी उडालेला. "मी मितेश. कोपरीला राहतो. हा रंग कोणी मारलाय गं? कसला भारी आहे!"

"पप्पांनी. गाड्या रंगवतात ते."

रंगवतात. शब्द तोंडातून गेला, आणि तो मागे घ्यावा असं तिला वाटलं नाही.

"नंबर देतेस त्यांचा? माझ्या पंखांची बघ ना काय वाट लागलीये."

संचिताने नंबर सांगितला. पाठच होता. सांगताना आवाज हललासुद्धा नाही. मितेशने तिथल्या तिथे रिंग मारली.

शालनच्या पर्समध्ये फोन वाजला. देवरामांचा फोन ती चार्ज करून सोबतच ठेवायची, ज्यांना कळलं नव्हतं त्यांचे फोन अजून येत. तिने चष्मा वर सरकवून नाव दिसतंय का बघितलं आणि उचलला.

"हॅलो काका, मी मितेश बोलतोय, कोपरीवरून. संचिताने नंबर दिला..."

"मी त्यांची बायको बोलते. ते वारले, बाळा."

एवढं बोलून शालनने मान वर केली. समोर कानाला फोन लावलेला, पंखवाला मुलगा उभा होता, आणि त्याच्या शेजारी तिची मुलगी.

मितेशने फोन हळूच खाली घेतला. "सॉरी. मला... मला माहीत नव्हतं."

"तुझी चूक नाही. मीच दिला," संचिता म्हणाली. आपल्याला लाज वाटायला हवी हे तिला कळत होतं. वाटत नव्हती.

शालन उठून जवळ आली. आता ही रडणार, नाहीतर थोबाडीत मारणार, असं संचिताला वाटलं. शालनने तिचा सरकलेला खांदापट्टा नीट केला. मग मितेशला दंडाला धरून वळवलं आणि पंखांवरून हात फिरवला.

"कुठला रंग पाहिजे होता?"

"पांढराच, काकू. मोत्यासारखा."

"घरी डबे आहेत त्यांचे. ही मारून देईल."

"मम्मी, मला नाही येत."

"त्यांच्याजवळ दिवस दिवस कोण उभं असायचं? मी?"

स्टेशनला जाताना रिक्षात दोघींच्या मध्ये चिलखताची पिशवी होती. सिग्नलला शालनने विचारलं, "नंबर का दिलास गं?"

"माहीत नाही."

शालन बाहेर बघत राहिली. "मी पण लावते तो नंबर कधीकधी," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातनं. आत कपाटावर वाजतो. वाजू देते."

सिग्नल सुटला तशी संचिताने मधली पिशवी धरून ठेवली. रडू तिला तेव्हाही आलं नाही.

पुढच्या रविवारी मितेश खरंच पंख घेऊन आंबिवलीला आला. गॅरेजवाल्यांनी कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन दिली होती. संचिताने तोंडाला रुमाल बांधला, पंख दोरीवर टांगले आणि गन जरा जास्तच जवळ धरली. पांढऱ्या रंगाचा ओघळ थेट खालपर्यंत आला.

"गेलं का?" मितेशने विचारलं.

"वाळू दे. मग घासून परत मारायचं," ती म्हणाली आणि पॉलिश पेपर शोधायला घरात गेली.