फिरत्या खुर्चीची पाचर

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. साहेबाची नव्हे, कॉलेजातल्या फिजिक्सच्या वर्गातली, प्रयोगाची. कारखान्यात माझ्या बुडाशी असं बेअरिंग बसवलं होतं, की नुसत्या बोटानं मी गिरकी घ्यावी.

पण नशिबी आले मोठे सर. सरांचं अक्षर मोत्यासारखं आणि शिकवणं म्हणजे सांगणं. ते आपली बॅग माझ्यावर ठेवत. एकदा मी जरा वळले, बॅग पडली. सरांनी लगेच शिपायाकडून माझ्यात लाकडी पाचर ठोकून घेतली. मग फळ्यावर माझं सुबक चित्र काढलं, बाण दाखवले आणि म्हणाले, "फिरतं चाक हातात धरून उलटं केलं, की ही खुर्ची फिरते. हा नियम. लिहून घ्या."

मुलांनी लिहून घेतलं. मी शेजारीच होते, ठार अचल. कुणाला हसूही आलं नाही. हसण्याला मार्क नसतात.

सर निवृत्त झाले, नव्या मॅडम आल्या. त्यांनी मला ढकलून पाहिलं आणि हातोडी मागवून पाचर काढून टाकली.

त्याच आठवड्यात तास संपल्यावर शेवटच्या बाकावरची मुलगी त्यांच्याकडे आली.

"मॅडम, मी फिजिक्स सोडतेय. उद्या शेवटची तारीख आहे. सगळं पाठ आहे हो, पण येत काहीच नाही."

"बरं, सोड. जाता जाता जरा इथे बस. पाय वर घे."

मॅडमनी सायकलचं एक चाक गरकन फिरवलं आणि आडवं धरून तिच्या हातात दिलं. "आता उलटं कर."

तिनं चाक उलटं केलं. आणि मित्रांनो, कुणीही धक्का न देता मी वळू लागले! खिडकी गेली, फळा गेला, दार आलं.

"अगंबाई! मॅडम, कोण फिरवतंय?"

"मी तर इथे उभी आहे. तूच सांग."

तिनं चाक सरळ केलं, मी थांबले. पुन्हा उलटं केलं, पुन्हा निघाले. आम्ही लोखंडाची माणसं, आमच्या अंगावर काटा येत नाही. तरी त्या दिवशी माझा एकेक स्क्रू शहारला. इतकी वर्षं ज्या नियमासाठी मी उभी होते, तो मलाही आजच भेटत होता.

"पाठ मला हेच होतं," ती हळूच म्हणाली. "पण खरं असेल असं वाटलं नव्हतं."

"मग उद्याचं काय?"

"उद्या आईला आणू का? तिला बसवायचंय."

विषय सोडायची तारीख आली आणि गेली. आई घाबरत बसली, हसत उतरली. लेक काही उतरायला तयार नव्हती.

मित्रांनो, मला रंग नको, सत्कार तर मुळीच नको. वर्षातून एकदा बेअरिंगला थेंबभर तेल द्या. आणि कुणी विषय सोडायला निघालंच, तर त्याला अडवू नका. फक्त जायच्या आधी माझ्याकडे पाठवा.