पुढच्या वर्षीचं वाढीव उद्दिष्ट

जुन्नरला आमचं मंडप-खुर्च्यांचं दुकान आहे. लग्नाला भाडं, मयताला फुकट, हा सासऱ्यांपासूनचा नियम. मयत कुणाच्या का घरचं असेना, खुर्च्या आम्हीच पोचवतो. फक्त आमचा म्हातारा टेम्पो चढ लागला की बसकण मारतो, म्हणून डिंभ्याच्या वरच्या वाड्यांना हा नियम कधी लाभलाच नाही.

समाजकार्य करणाऱ्या धंदेवाल्यांना एक संस्था नवा टेम्पो देणार होती. आम्ही अर्ज केला. तपासायला ऋतिकसाहेब आले. माणूस गुणी, पण अर्जात रकाना रिकामा दिसला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

"सामाजिक उद्दिष्ट काय?" त्यांनी विचारलं.

"कसलं उद्दिष्ट, राव?" आमचे हे, म्हणजे सलीम, म्हणाले. "खुर्च्या हायेत म्हणून खुर्च्या देतो. दवाखाना असता तर औषधं दिली असती."

"गेल्या वर्षी किती मयतांना दिल्या?"

"असतील चाळीसेक."

"मग पुढच्या वर्षीचे पन्नास लिहा. वाढ दाखवल्याशिवाय टेम्पो मंजूर होत नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. मयतं वाढवायची म्हणजे काय घरोघरी जाऊन विनंती करायची? पण साहेब हटेनात. सोमवारपर्यंत आकडा हवा म्हणाले.

बाजारात ही बातमी फुटली आणि मग काही विचारू नका. महाळुंगे पडवळचे कुशाबा नुकतेच तापातून उठले होते, ते दुकानासमोरून मुद्दाम दोन चकरा मारून गेले. राजुरीच्या सरूबाई तर रस्त्यातूनच ओरडल्या, "सलीमभाऊ, मला नका धरू त्यात! नातवाचं लगीन व्हायचंय अजून!"

सोमवारी साहेब येऊन बसले, तेवढ्यात डिंभ्याच्या वरच्या वाडीचे जानकूबाबा आले. एसटी आलीच नव्हती, अर्धी वाट चालत आले होते.

"पन्नास भरंनात म्हणं?" ते मला म्हणाले. "माझं एक लिव, भाभी. औंदा न्हाई तर म्होरल्या साली जायाचंच हाय. म्हातारी गेली तवा पावणं चिखलात बसलं व्हतं. लई लाज वाटली मला. टेम्पो आला तर माझ्या येळंला तरी मान्सं नीट बसतील."

मला रडूच आलं. हे मात्र असे भडकले, की माझ्या हातातला अर्ज ओढून त्यांनी स्वतःच लिहिलं: 'जेवढे जातील तेवढे. जानकूबाबा सोडून.'

"असं लिहिलं तर टेम्पोचं अवघड आहे," ऋतिकसाहेब हळूच म्हणाले.

"मंग माझ्या खुर्च्या?" जानकूबाबांनी विचारलं.

"डोक्यावर घेऊन चढतो," हे म्हणाले. "पण लवकर बोलवायचं न्हाई."