तीन मजली शिवी

दाताला पोलादी टोपी होती. ट्रेच्या तळाशी, पातळ गुलाबी पाण्यात तो आडवा पडला होता, मुळाशी हिरडीचा एक धागा अजून चिकटलेला, आणि श्यामलाच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की असली टोपी इथं कुणी बसवत नाही, मुंबईतही नाही — अशी राखाडी, घासलेल्या भांड्यासारखी चकाकणारी टोपी तिनं पाहिली होती ती खारकोव्हच्या ट्राममधल्या कंडक्टरणीच्या तोंडात, बटाटे विकणाऱ्या बाईच्या तोंडात, वसतिगृहाच्या पहारेकऱ्याच्या तोंडात... वैद्यकीच्या शिक्षणाची सहा वर्षं सगळं शहर तिच्याकडे बघून पोलादी हसलं होतं. दात आपोआप पडलेला नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

कॅप्टन नबील उजव्या मुठीला पांढरा रुमाल गुंडाळत होता.

"तीन दिवस झाले, हा अरबी बोलत नाही, नुसतं रशियन," तो अरबीत म्हणाला, शांतपणे, शाळेत मुलाची तक्रार सांगावी तसं. "इराकी मेजर, आणि त्याला अरबी येत नाही! नर्स म्हणाली, दोक्तोरा रशियनांकडे शिकलीय."

नर्स म्हणजे कुबरा, म्हसळ्याची. दहा मिनिटांपूर्वी ती दोन जिने धावत चढून बाळंतिणींच्या वॉर्डात आली होती. "म्याडम, खाली चला हो. मारून टाकतील त्याला. तुम्ही त्याचं बोलणं सांगितलंत तर थांबतील तरी." आता ती दाराशी पाठ टेकून उभी होती, आणि तिला बाहेर जायला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ती तिथं आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

दुपारचे दोन वाजले होते तरी दिवे लावावे लागले होते. सीमेपलीकडे कुवेतच्या तेलविहिरी पेटल्यापासून आकाश असंच, तव्याच्या पाठीसारखं. खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या, प्रत्येकाच्या कमरेला विषारी वायूसाठीच्या मुखवट्याची पेटी. नवरा, गोपीनाथ, जानेवारीत मुलीला, आर्याला, घेऊन अलिबागला गेला होता. श्यामलाचा पासपोर्ट हॉस्पिटलच्या कपाटात होता आणि युद्ध संपेपर्यंत तो मिळणार नव्हता.

"काल सकाळी ह्यानं पेरलेल्या वाळूत माझे सहा लोक गेले," नबील म्हणाला. "त्यात माझा मामेभाऊ. त्याचा बूट सापडला. बुटात पाय होता. आज संध्याकाळी चाळीस जण तिथूनच जाणार आहेत. सुरुंगांमधून वाट कुठं सोडलीय, एवढंच विचारा. मला दुसरं काही नको."

खाटेवरच्या माणसाचा डावा पाय मांडीपासून नव्हता. चेहऱ्याची एक बाजू भाजून चामड्यासारखी ताठ झालेली, दुसऱ्या बाजूच्या ओठातून रक्ताची लाळ. त्यानं नबीलकडे पाहिलं, घशात रक्त जमवलं, थुंकलं, आणि मग तीनच शब्द उच्चारले, सावकाश, एकेक वेगळा ठेवत —

योब त्वयू मात.

सतरा वर्षं... सतरा वर्षांत हे शब्द तिच्या कानावर पडले नव्हते, आणि तरी कानाच्या आत कुठंतरी त्यांची जागा मोकळीच होती, ते आले आणि बसले. ल्येव ओसिपोविच खारकोव्हला परदेशी मुलांना भाषा शिकवायचा. दहा वर्षं कैद्यांच्या छावणीत काढून आलेला, कोटावर नेहमी खडूची धूळ. वर्गात पुस्तकातली रशियन. वर्ग सुटल्यावर बर्फातून थांब्यापर्यंत चालताना दुसरी. हे शब्द तुला कोशात मिळणार नाहीत, म्हणायचा, छापले तर छापणारा जाईल, पण ह्यांच्याशिवाय ह्या देशात एक वीट दुसरीवर बसलेली नाही. छावणीत पहारेकरी आणि कैदी एकमेकांशी ह्याच शब्दांत बोलत. दोघांना सारखी येणारी भाषा तेवढी एकच होती. साहेब लोक न्हाणीघरात, मजूर कारखान्यात. मना आहेत ते फक्त बायकांना आणि पुस्तकांना. आणि आले कुठून? लोक सांगतात, तातारांनी घोड्यावरून आणले — स्वतःच्या घरातली घाण शेजाऱ्याची, असं कुठलाही देश म्हणतोच. ल्येव ओसिपोविचला ते पटत नसे. देवळांच्याही आधीचे शब्द आहेत हे, त्याचं म्हणणं. नांगरटीला म्हणत, लग्नात म्हणत, ओल्या मातीवर आभाळानं यावं म्हणून म्हणत. मंत्रच. मग साधू आले आणि म्हणाले, हा शब्द उच्चारला की तीन आया दुखावतात — देवाची, धरणी, आणि जिनं तुला जन्म दिला ती. आता व्याकरण बघ, तो म्हणायचा, डोळे बारीक करून. आईशी ते कृत्य करतो कोण? मी नव्हे. कर्ता गळून गेलाय वाक्यातून. फार पूर्वी तिथं कुत्रा होता.

आमच्याकडे गाढव आहे, ती म्हणाली होती, आणि तिथंच त्या बर्फात तिचे कान तापले होते. गावाच्या शिवेवरचा दगड, वर चंद्रसूर्य, खाली बाई आणि गाढव. राजानं दिलेली जमीन जो बळकावेल त्याच्या आईला... मुलांनी त्या बाजूनं जायचं नाही, असा दंडक होता. ल्येव ओसिपोविच थांबला, हर्षानं त्याचे डोळे ओले झाले. "दगडावर कोरून? राजाच्या हुकुमानं?" तिला सांगायचं होतं ते वेगळंच, पण तेवढी रशियन तेव्हा येत नव्हती — की जमीन चोरतो पुरुष, शाप देतो पुरुष, आणि दगडावर उताणी पडते ती बाई.

"काय म्हणाला?" नबीलनं विचारलं.

"आई," श्यामला म्हणाली. "आईचं नाव घेतोय."

नबील रुमाल बांधायचा थांबला. त्याचं वय सत्तावीस-अठ्ठावीस असेल. क्षणभर तो त्याहून लहान दिसला. दाराशी कुबरानं श्वास सोडलेला ऐकू आला.

मग ती खाटेकडे वळली आणि तिनं रशियनमध्ये विचारलं, फार दुखतंय का. वाक्य गंजलेलं, प्रत्यय चुकलेले. माणसाचा उघडा डोळा एकदम तिच्यावर आला, आणि जे घडलं ते इतकं विलक्षण होतं की तिला हसूच फुटलं असतं — तो लाजला. भाजलेल्या कातडीच्या कडेनं लाली चढली.

"माफ करा," तो म्हणाला. "बाईमाणूस समोर आहे हे दिसलं नाही. बाईसमोर असं बोलायची रीत नाही."

"अरबी का बोलत नाहीस?"

"अरबीत माझी आई आहे," तो म्हणाला. "बसऱ्याला. तिथं मला शिवी देता येत नाही. आणि आता शिवीशिवाय माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. ह्या पोराला खरं सांगा मी काय म्हणालो ते."

"तुला मारेल तो."

"मारतोच आहे."

तिनं सुरुंगांबद्दल विचारलं. सहाजणांबद्दल सांगितलं, चाळीस जणांबद्दल सांगितलं, आणि सांगताना तिच्या ध्यानात आलं की तिला ते उत्तर हवंय, नबीलइतकंच हवंय. त्यानं डोळा मिटला. चार हजार पुरले, म्हणाला. नोव्हेंबरात. नकाशा होता, तो ज्याच्याकडे होता तो पहिल्याच आठवड्यात पळाला. आणि नकाशा असता तरी काय... वाळू चालते, बाई. मी पुरलेलं आता मलाही सापडणार नाही.

तिनं हे नबीलला शब्दाला शब्द सांगितलं. नबीलनं ऐकून घेतलं, मान हलवली, "खोटं," म्हणाला, आणि पुढे होऊन मांडीच्या ड्रेसिंगवर अंगठा ठेवला. ठेवला आणि दाबला.

किंकाळी आली ती कुठल्याच भाषेतली नव्हती. गॉजमधून लाल, मग काळपट, मग पुन्हा लाल, कपबशीएवढं, ताटलीएवढं... नबीलचा चेहरा निर्विकार होता. ओठ मिटलेले. आणि हे मिटलेले ओठ तिच्या ओळखीचे होते.

तिच्या वडिलांच्या, राऊतगुरुजींच्या, घरात शिवी नव्हती. 'गाढवा' म्हटलं तरी मुलांना अंगठे धरून उभं केलं जाई. वाणी शुद्ध तर मन शुद्ध, असं गुरुजी फळ्यावर सुविचार लिहीत. आणि संध्याकाळी आमटीत मीठ जास्त झालं की ते उठत, आतल्या खोलीचं दार लोटून घेत, आणि मग फक्त आवाज यायचा तो हाताचा. चढलेला स्वर नाही, वावगा शब्द नाही. आई बाहेर यायची, पदरानं नाक दाबून. शेजारच्या कोळ्याच्या घरात रोज रात्री एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार चाले आणि सकाळी नवराबायको एका टोपलीला हात लावून बंदरावर जात. तेव्हा गुरुजी म्हणत, काय ही माणसं! एकदाच... श्यामला आठ वर्षांची होती, विहिरीवर, आईनं रिकामा हंडा तोंडाशी धरला होता आणि त्या हंड्यात ती काहीतरी पुटपुटत होती, पुन्हा पुन्हा, पोकळ घुमत होतं, आणि श्यामला जवळ गेली तर तो तोच शिवेवरच्या दगडाचा शाप होता, आई तो गुरुजींच्या आईला देत होती, जी केव्हाच मेली होती आणि जिलाही, सगळा गाव म्हणे, तिच्या नवऱ्यानं तसंच मारलं होतं.

"दोक्तोरा, विचारा पुन्हा," नबील म्हणाला. अंगठा तिथंच.

आणि श्यामलानं तोंड उघडलं.

खारकोव्हच्या हॉस्पिटलात क्लावा नावाची म्हातारी परिचारिका होती, त्रेचाळीस साली तिनं पाठीवरून एकोणीस माणसं गोळीबारातून ओढून आणली होती. हात गुंतलेले असले की तोंडानं लढायचं, असं ती म्हणे. चादरींच्या खोलीत तिनं एकदा श्यामलाला ती शिवी शिकवली होती, जिला तिकडे तीन मजली म्हणतात — तळाला आई, मधल्या मजल्यावर देव, वरच्यावर शवपेटी, आणि जिन्यांना कठडे नाहीत. मज्जातंतूंची नावं पाठ करावीत तशी श्यामलानं ती पाठ केली होती आणि कधीही, एकांतातसुद्धा, उच्चारली नव्हती. ती आता आली. अख्खी आली, एकही प्रत्यय न चुकता, क्लावाच्या तंबाखू ओढलेल्या आवाजात. वरचा मजला संपला तरी आवाज थांबेना, जिना पुढे चालूच होता, आणि त्यावर चढताना भाषा केव्हा बदलली ते तिला कळलं नाही, चंद्रसूर्य आले, गाढव आलं, आणि तिचा हात नबीलच्या मनगटावर होता, नखं आत गेलेली, ती त्या हाताला मुरगाळत होती, तिला ते हाड मोडायला हवं होतं, तिला तो आवाज ऐकायचा होता —

अंगठा निघाला होता. केव्हाच.

नबील मनगटातून येणाऱ्या रक्ताकडे बघत होता. परक्या बाईनं वर्दीतल्या माणसाला हात लावला होता. तो पांढरा पडला होता, आणि हळूहळू तो पांढरेपणा दुसरं काहीतरी होऊ लागला. "काय म्हणाली ही?" त्यानं विचारलं. कुणाला, ते त्यालाही ठाऊक नसावं.

"ती म्हणाली," खाटेवरून आवाज आला, स्वच्छ, बसऱ्याच्या गोड हेलाच्या अरबीत, "तुझी आई जिवंत असो. म्हणाली, तुझ्या वयाचा मुलगा आहे मला, त्याचे हात असे होऊ नयेत. घाबरलीय ती. जाऊ दे तिला."

मुखवट्यांच्या पेट्या, चिकटपट्टीच्या फुल्या, टपटपणारं सलाइन — सगळं होतं तसंच राहिलं. श्यामलाला मुलगा नव्हता. नबील तिच्याकडे वळला, आणि विश्वास ठेवायचा की नाही हे त्यानं तिच्या डोळ्यांदेखत ठरवलं. मग खुर्ची ओढून तो खाटेशेजारी बसला.

"म्हणजे बोलता येतं," तो मेजरला म्हणाला. जवळजवळ मायेनं. "खलास, दोक्तोरा. आता तुमची गरज नाही."

"ह्याचं ड्रेसिंग बदलायला हवं. रक्त जातंय," ती म्हणाली.

"नंतर."

मेजरनं तिच्याकडे पाहिलं नाही. दार लागलं. आतून कडी.

जिन्यावर कुबरा तिच्या पाठोपाठ होती.  पहिल्या मजल्यावर कुबरा म्हणाली, "म्याडम, शेवटचं मराठी होतं. मला समजलं."

"ऐकायला नको होतंस."

"आमच्या गावात पण बोलतात." कुबरा कठड्याला धरून उभी राहिली. "पण म्याडम, तुम्ही बोलत होतात ना, तेव्हा मला कॅप्टनचं भ्या वाटलं नाही. तुमचं वाटलं."

श्यामलानं हात एप्रनच्या खिशात घातला. बोटं अजून वळलेलीच होती, सरळ होत नव्हती, आणि लाजेच्या, भीतीच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी गोड आणि गरम पसरत होतं, तापानंतरच्या घामासारखं. मला आवडलं, तिनं स्वतःशी म्हटलं, आणि त्या वाक्यापासून दूर होण्यासाठी ती भरभर चढू लागली. शिवी हाताच्या ऐवजी असते, असं ती इतकी वर्षं समजत आली होती. दोन्ही एकाच खांद्यातून निघाले होते. आणि खाली तो माणूस तिच्यापायी आपल्या आईच्या भाषेत परत गेला होता, जिथं त्याला आता ओरडावं लागणार होतं, शिवी न देता.

तिनं कान दिला. खालून काही येत नव्हतं.

बाळंतिणींच्या वॉर्डात कतीफची एक कोळीण पहाटेपासून कळा देत होती. पहिलटकरीण, नवरा सैन्याला गाड्यांनी पाणी पोचवायला गेलेला, परतलेला नाही. कळ आली की ती नवऱ्याला, सासूला, सगळ्या जगाला काहीबाही बोलू लागे, आणि वयस्क दाई तिच्या तोंडावर हात ठेवून म्हणे, अल्लाचं नाव घे बाई, जीभ विटाळू नकोस. रोज श्यामलाही हेच म्हणायची. ह्याच शब्दांत.

कळ आली. दाईचा हात पुढे झाला.

"हात काढा," श्यामला म्हणाली. ती मुलीच्या कानाशी वाकली, ओली बोटं आपल्या वळलेल्या बोटांत घेतली. "बोल. जे येतं ते सगळं बोल. मोठ्यानं."

मुलगी बोलू लागली. अरबीत, कोळ्यांच्या अरबीत, ज्यातलं श्यामलाला अर्धंही कळत नव्हतं, आणि ते शब्द छताला लागून खाली येत होते, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, दाई कानांवर हात ठेवून बाजूला झाली होती. आणखी, श्यामला म्हणत होती, आणखी मोठ्यानं, आणि म्हणताना ती स्वतःला विचारत होती, की हे मी हिच्यासाठी म्हणतेय, की खालचं ऐकू येऊ नये म्हणून... मुलगी श्वास घ्यायला थांबली. त्या शांततेत श्यामला एवढी घाबरली की तिनंच मुलीचा हात गच्च दाबला — दुखेल इतका.