बॉनला गाडी थांबत नाही

केंब्रिजच्या मराठी मंडळाची जर्मनीची सहल म्हणजे कमलाकरांचं राज्य. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना हुकूम सोडायला माणसं कमी पडत होती. ती एकदम चौतीस मिळाली. प्रत्येकाच्या छातीवर नंबर. कोच सुटण्याआधी हजेरी. गयाबाई सतरा.

बहात्तर वर्षांच्या गयाबाई नागपूरहून मुलाकडे राहायला आल्या होत्या. एप्रिलमध्ये मंडळाच्या मीटिंगला त्यांनी हात वर केला होता. "कोलोनहून निघाल्यावर वाटेत बॉन लागते न. तिथल्या युनिव्हर्सिटीत बाबासाहेबांनी नाव घातलं होतं. अर्धा तास थांबू."

"काकू, आपली टूर हिस्टॉरिक टाउन्सची आहे," कमलाकर म्हणाले. "बॉनला तसं काही नाही." दोन हजार वर्षांचं गाव त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं आणि वाचलेला अर्धा तास कुकू घड्याळांच्या दुकानाला दिला. तिथे आधीच दोन तास होते.

गयाबाईंचे यजमान जगदीश रेल्वेत कारकून. बाबासाहेबांना जर्मन येत होतं, म्हणून त्यांनीही फुटपाथवरून जर्मनचं एक फाटकं पुस्तक आणलं. तीस वर्षांत एकच वाक्य पक्कं झालं: इश बिन श्टुडंट. मी विद्यार्थी आहे. रिटायर झालो की बॉनच्या दारात उभा राहून म्हणीन, असं ते सांगायचे. रिटायर झाले आणि चार महिन्यांत गेले. वाक्य गयाबाईंकडे राहिलं. ते त्यांना त्या दारापर्यंत पोचवायचं होतं, बाकी जर्मनीशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं.

"आई, ते नाही ऐकणार," सून रचना म्हणाली. "प्लॅन लॅमिनेट करून झालाय."

"मी कुठे त्यांना विचारून राहिले?" गयाबाई म्हणाल्या, आणि बॅगेत किटली, चहापत्ती, आलं आणि पाच थर्मास भरले.

तिसऱ्या दिवशी कोलोनच्या हॉटेलात त्या पहाटे उठून चहा करत बसल्या. दोन दिवस कोमट पाण्यात पिशव्या बुडवून वैतागलेली माणसं आल्याच्या वासावर तुटून पडली. एक फेरी लॉबीत झाली, दुसरी कोचमध्ये. कमलाकरांना त्यांनी तिसरा कपही दिला. "घ्या न, तुम्हाला किती दगदग." स्वतः मात्र घोटही घेतला नाही.

कोचमधल्या टॉयलेटला कमलाकरांनी पहिल्याच दिवशी कुलूप घालायला लावलं होतं. वास येतो म्हणे. आणि नियम क्रमांक चार: दोन तासांच्या आत थांबा मिळणार नाही.

अर्ध्या तासात नऊ नंबर चुळबुळू लागला. मग चार, मग बावीस. नियम आठवून कुणी तोंड उघडेना. शेवटी खुद्द कमलाकरच माइक धरून उभे राहिले. "ड्रायव्हरला सांगा जरा, जवळपास कुठेतरी..."

रचनाला गाडी लागते, म्हणून ती पुढच्या सीटवर होती. फोन तयारच होता. "बॉन जवळ आहे. युनिव्हर्सिटीत टॉयलेट्स आहेत. फाइव्ह मिनिट्स."

कमलाकरांनी मागे वळून गयाबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेरची झाडं बघत होत्या.

युनिव्हर्सिटीच्या दारात पहारेकरी आडवा आला. "स्टुडंट्स ओन्ली." चौतीस माणसं या पायावरून त्या पायावर करत उभी राहिली. हे गयाबाईंच्या हिशेबात नव्हतं. पांढरी साडी, वर कार्डिगन, पायात स्पोर्ट्स शूज अशा त्या पुढे झाल्या. केंब्रिजच्या किचनमध्ये नळ सोडून हे वाक्य शंभरदा घोकलं होतं. पण आता समोर पहारेकरी दिसेना, फाटकं पुस्तक घेऊन बसलेले जगदीश दिसू लागले. ऐन वेळी रडू आलं याचा त्यांना रागच आला.

"इश बिन श्टुडंट," त्या म्हणाल्या.

पहारेकऱ्याने पांढरे केस पाहिले, छातीवरचा सतरा पाहिला, आणि बाजूला झाला. त्यांच्यामागून एकेकजण तेच म्हणत आत पळाला.

कमलाकर डोकी मोजत शेवटी राहिले होते. ते तसेच घुसायला गेले, तर पहारेकऱ्याचा हात पुन्हा आडवा आला.

"म्हणा न, सोपं आहे," गयाबाई आतून म्हणाल्या.

कमलाकरांनी पाय आवळून ते कसंबसं एका दमात उरकलं.

"असं नाही. सावकाश म्हणा," गयाबाई म्हणाल्या. "आमचे हे म्हणायचे तसं."