मंजुषा सिस्टरांचा अर्धा तास

बीडमधल्या त्या खासगी दवाखान्यात मंजुषा सिस्टर रोज दुपारी चारला अतिदक्षता विभागाबाहेर येत आणि नातेवाइकांना आपला माणूस कसा आहे, ते अर्धा तास समजावून सांगत. मालक डॉक्टर विजयसिंह यांनी ते बंद केलं. "सिस्टर, गप्पांचं बिल निघत नाही. त्या वेळात फायली पुऱ्या करा." झालं! एवढ्या शहाण्या माणसापुढे बोलायचं कुणी?

त्याच आठवड्यात उमापूरचा ऊसतोड कामगार बंकट न्युमोनियानं दाखल झाला. व्हेंटिलेटर लागला. बायको छबुबाई बाहेर फरशीवर बसून. औषधांच्या चिठ्ठ्या तेवढ्या हातात पडत; आत काय चाललंय, कुणी सांगेना. सहाव्या दिवशी चुलतसासरा राधाकिशन म्हणाला, "हालत न्हाई, बोलत न्हाई. मेल्याला मशीन लावून पैसं काढायलेत, छबू. घरी नेऊ. लेकरं तोंड तरी बगतील."

घरी नेत असल्याच्या कागदावर तिनं अंगठा दिला. सिस्टर तेव्हा फायलींत होत्या. वाटेत, गेवराई यायच्या आतच बंकट गेला.

कळताच सिस्टर तडक केबिनमध्ये शिरल्या. "सर, गुंगीच्या औषधामुळे तो हलत नव्हता. उद्या त्याची श्वासाची नळी काढणार होतो! एवढं एक वाक्य त्या बाईला कुणी सांगितलं नाही!"

"नेलं त्यांनी. माझा काय दोष?"

"मग तुम्हाला कळतो तो हिशोब मांडते. माझा अर्धा तास पन्नास रुपयांचा. तो वाचवायला त्यांचे सहा दिवसांचे पैसे, आपली सगळ्यांची मेहनत आणि एक कर्ता माणूस मातीत घातला!"

डॉक्टरांनी फाईल पुढे ओढली.

पंधरा दिवसांनी छबुबाई दवाखान्याचे कागद न्यायला आली. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात. "मुकादम म्हन्तो, अर्ध्या कोयत्याला काम न्हाई," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "डाक्टरसायेब, आमी न्हेलं नसतं तर त्ये जगले असते का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण डॉक्टर म्हणाले, "हो, बहुतेक जगले असते."

"मंग सांगितलं कावून न्हाई वो?"

दुसऱ्या दिवसापासून चारचा अर्धा तास पुन्हा सुरू झाला. डॉक्टर स्वतः सिस्टरांशेजारी उभे राहू लागले. चांगलंच झालं, पण कुणाच्या जिवावर!

बंधुभगिनींनो, बिलात दिसत नाही ते काम फुकटचं समजू नका. घरच्यांशी बोलणं हाही उपचारच आहे, आणि सगळ्यात स्वस्त. माणूस आत असेल तर विचारा. दवाखाना तुमचा असेल तर सिस्टरांना बोलू द्या. छबुबाईला उत्तर मिळालं, पंधरा दिवस उशिरा.